लाल वर्तुळाबाहेरची माणसं

आमच्या बराकीतल्या टीव्हीवर परवा एका नामांकित विनोदी नटाचा जुना फोटो दाखवला. पलटणीच्या रांगा, आणि त्यात त्याच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ. "सिनेमात येण्याआधी हे फौजेत होते," निवेदिका कौतुकानं सांगत होती. झालं, आमच्या संभाजीचं पुन्हा सुरू.

संभाजी माझ्याच तालुक्यातला. इथे राजस्थानात फौजेच्या लंगरात आम्ही दोघं पोळ्या लाटतो. तो सुभेदारसाहेबांची नक्कल करतो तेव्हा खुद्द साहेब हसून हसून डोळे पुसतात.

"बघितलंस दादा? तोही फौजीच होता. मी नोकरी सोडतो आणि मुंबई गाठतो."

"अरे बाबा, वर्तुळाबाहेर एवढी माणसं उभी आहेत, त्यांचं काय झालं ते सांगतं का कुणी?"

"तू ना, जन्माचा भित्रा."

आहेच मी भित्रा. आठवीत शाळा सुटलेल्या मला फौजेनं ताट दिलं, वर्दी दिली, आईची औषधं दिली. त्या नटाच्या आयुष्यात फौज ही एक ओळ आहे. आमचं सगळं पुस्तकच ते. आणि हे टीव्हीवाले ती ओळ अशी वाचतात, जणू फौज म्हणजे सिनेमाची पायरीच.

मी कावून बोलत होतो, तेवढ्यात संभाजीनं माझीच नक्कल केली. आईशी फोनवर बोलतानाचा माझा काळजीचा सूर, कपाळावर फिरणारा हात, सगळं हुबेहूब. बराक हसली, मीही हसलो, आणि मग जास्तच वैतागलो. नक्कल जरा वाईट केली असती, तर मुंबईचा नाद सोड म्हणून त्याची समजूत तरी घालता आली असती.