गुहा असली तर

कापसाच्या गंजीवर चढला की तो आधी मूठ खुपसायचा. माल आतून ओला आहे का, ते मापाऱ्याला पाहावंच लागतं. पण हा मूठ काढल्यावरही त्या भोकाकडे बघत उभा राहायचा. मग खाली आमच्याकडे वळून म्हणायचा, "अशीच होती. खालून एवढीच दिसे. पन आत उबारा असन."

कुठूनही बोलणं सुरू केलं तरी आपल्या एकाच ठिकाणी येऊन पोचणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या अमरावतीच्या बाजारातला हा मापारी बर्फातल्या गुहेपाशी येऊन पोचायचा.

दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, आणि इथे कापसाचा भाव चढून दर्यापूरकडच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. मी दलाल. म्हणजे घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या आणि त्यावर पोट वाढवायचं. माझं चांगलंच वाढलं होतं. मी गंजीवर पाय ठेवला की मापारी म्हणे, "दादा, तुमी खालीच राहा. माल दबते."

त्याचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत लागून. घरात तो आणि त्याची वहिनी, दोघंच. ही तेजी यायच्या बऱ्याच आधी तो आणि त्याचा थोरला भाऊ बद्रीनारायणाला गेले होते. तिथे वाटेच्या खूप वर, जिथे झाड नाही की पाखरू नाही, बर्फाच्या कड्यात त्यांना एक काळं तोंड दिसलं. सोबतचा गोसावी म्हणाला, आत एक तपस्वी बसलेत. तिथे गेलेल्याचं वय वाढत नाही. थोरला म्हणाला, "पाहून येतो," आणि चढू लागला. मग धुकं आलं. ते विरलं तेव्हा कड्यावर भाऊ नव्हता, आणि गुहा नेमकी कुठे दिसली होती तेही कळेना.

धाकटा एकटाच परतला. दारातच वहिनीला म्हणाला, "दादा गुफेत हाये." त्या एका वाक्यावर तिचं कुंकू राहिलं.

उत्तरेकडून कुणी बैरागी, कुणी यात्रेकरू आला की हा हातातलं काम टाकून त्याला घरी आणायचा. वहिनी भाकरी वाढायची आणि हा विचारत बसायचा. कुणी सांगे, गुहा आहे, पण केदाराच्या अंगाला. कुणी सांगे, आणखी वर आहे, तिथे श्वास पुरत नाही. एका महाराजांनी तर आतल्या साधूच्या जटांचा रंगही सांगितला. मी हळूच खोदून विचारलं, तेव्हा कळलं, महाराज हरिद्वारच्या पुढे गेलेच नव्हते. मी कोण हसणार म्हणा. चिखलदऱ्याचा घाट मी डोलीत बसून, डोळे मिटून चढलेला माणूस.

ज्याची बारा वर्षं खबर नाही, त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तेवढी वर्षं भरली आणि भावकी ओसरीवर जमली. शेजारी म्हणून मलाही बोलावलं.

"आता किती दिवस गा?" भावकीतला म्हातारा मापाऱ्याला म्हणाला. "हळदीकुंकवाले तिले बलवावं का नाई, बायका इचारात पडतात."

"जित्या मानसाले जाळता? थो आत बसला हाये."

"कोनं पाह्यलं?"

मापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे.

वहिनी दाराआडून बाहेर आली. "भाऊजी, गुफा असली, त मंग थे तिथं उबाऱ्यात बसले अन् मले इथं ठेवलं. गुफा नसली, त थे मेले." ती म्हणाली, "मले मेलेलेच बरे. निदान रडता त येईन."

इतकी वर्षं आपण वहिनीचा नवरा राखून ठेवला, असं तो समजत होता.

नाल्याकाठी पुतळ्याला अग्नी त्यानेच दिला. दुसरं होतं कोण. वाळके देठ बघता बघता संपले. वहिनी मोठ्याने, मोकळी रडली. आम्हां सगळ्यांना हायसं वाटलं, त्याला सोडून. नवी बोंडं फुटायच्या आत तो घरून निघाला. तिला एवढंच म्हणाला, "खरं काय हाये थे पाहून सांगतो तुमाले." तिने अडवलं नाही. वाटेला भाकरी बांधून दिल्या.

पुढे तेजी ओसरली. माझं पोट ओसरलं नाही. बाजारात नवा मापारी आला. तो मूठ घालतो, काढतो, माप बोलतो. माल झटपट उरकतो, आणि मला करमत नाही.

परवा एक बैरागी पाणी प्यायला आमच्या ओट्यावर टेकला. मी न विचारताच म्हणाला, बद्रीच्या वर, जिथे कुणी जात नाही, तिथल्या कड्यातून हल्ली सकाळी धूर निघताना दिसतो. स्वतः पाहिला का, म्हटलं. नाही, वाटेत ऐकलं, म्हणाला, आणि लोटा खाली ठेवून वेशीकडे चालू लागला.

वहिनी अंगणात तूर निवडत होती. हसेल, म्हणून मी तिला जाऊन सांगितलं. सुपातली तिची बोटं थांबली.

"एक जन हाये म्हने," तिने विचारलं, "का दोघं?"

ते मी विचारलंच नव्हतं. ती सूप तिथेच टाकून उठली आणि वेशीच्या वाटेला लागली. डोक्यावरचा पदर पडला, तोही तिने सावरला नाही. मी मागून धापा टाकत, "अवो वहिनी, थांबा," म्हणत होतो, आणि ती भराभर चालतच होती.