बर्फासारखी ठासलेली कॉफी

"आधी गॅस बंद करा, मग काय ते संशोधन करा," बायको मागच्या दारातून ओरडत होती. डोक्यावर तिने भाताचा टोप उपडा धरला होता.

शेगडीवरचं ते वीतभर भांडं बोटीच्या इंजिनासारखं फुसफुसत होतं. त्याच्या कमरेजवळच्या बारीक भोकातून वाफेची अशी पिचकारी सुटली की समोरच्या कॅलेंडरावरचा अख्खा आठवडा पुसला गेला, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, कॅलेंडर त्या भिंतीवर कधी नव्हतंच. असो. मी गॅस बंद केला.

खालच्या भागात पाणी, मधल्या गाळणीत कॉफीची पूड, वरचा भाग रिकामा, आणि सांध्यात कुकरसारखी रबराची चकती. खाली जाळ लागला की पाणी आपणहून वर चढतं आणि कॉफी होऊन वरच्या भागात पडतं, असं मुलीने समजावलं होतं. हे मला आजही पटलेलं नाही. आमच्या नरपडला भरतीचं पाणीसुद्धा इतक्या आगाऊपणे चढत नाही. माझ्या भांड्यात तर वर थेंबही आला नव्हता.

हा सगळा खटाटोप माझ्या मोठ्या बहिणीसाठी. ताई डहाणूच्या बाजारात मच्छी विकते. लिलावात कल्ले उचलून एकदा हुंगलं की मासा कधीचा ते सांगायची. माझं विचाराल तर तो कोणत्या बोटीवर रडला हेही सांगायची. मग तिला एक ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. तिने शिळ्या पापलेटांची पाटी ताजी म्हणून उचलली, गिऱ्हाइकांनी ती भर बाजारात तोंडावर आणून दिली. त्या दिवसापासून ताई आमच्या घराबाहेरच्या ओट्यावर बसून होती. नाक परत आलं नाही तर बाजारातली जागा सोडून देते, म्हणाली. ती जागा आमच्या आईची.

डॉक्टर म्हणाले, रोज उग्र वास द्या. लवंग, लिंबू, कॉफी. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात ढवळायची पुडी. मुलगी वापीला नोकरीला आहे, तिने हे भांडं आणि कडक कॉफीचं पाकीट आणून दिलं.

पण ताईचा एक घोळ होता. लवंग धरली की "आला". लिंबू धरलं की "आला". एकदा मी रिकामी मूठ धरली.

"आला," ताई म्हणाली.

"अगं, मूठ रिकामी होती."

"मग मुठीचा आला असेल. आंघोळ कर जरा."

आता सांगा, हिला वास येतोय की नाही हे माणसाने ओळखायचं कसं? मी विचार करकरून अर्धा झालो. वजनाने नाही, पण झालो.

वाफेचा गोंधळ झाल्यावर मी वापीला फोन लावला.

"पप्पा, कॉफी दाबून भरलीत?"

"दाबून म्हणजे? मासळीच्या पेटीत बर्फ ठासतो तशी ठासली. मुठीने."

"मग पाणी जाणार कुठून? सैल भरायची."

मी चक्रावलो. जन्मभर बर्फ भरला. सैल राहिला तर माल मुंबईला पोचायच्या आत त्याचं पाणी होतं, हे मी झोपेतही सांगेन. आणि इथे सैल भरलं तरच काम होणार. बायको म्हणाली, "तुम्ही मासे नका भरू, कॉफी करा."

भांडं गार झाल्यावर उघडलं, धुतलं, या वेळी पूड नुसती भुरभुरली. थोड्या वेळाने आत गुळगुळ झालं आणि काळी, दाट कॉफी वर आली, जळक्या ऑइलसारखी. घर असं घमघमलं की पार तिकडे चारोटीला हायवेवरचे ट्रकवाले ब्रेक मारून खाली उतरले असणार. मी कपात ओतली, उरलेली गरम राहावी म्हणून भांडं पुन्हा जाळावर ठेवलं आणि ओट्यावर गेलो. बायको मागोमाग.

ताईला डोळे मिटायला लावले आणि कप नाकाशी नेला. तिने दोनदा हुंगलं. मग कपाळाला आठी पडली.

"वास आला?"

"आला."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे पुरे करा आता, किती छळाल तिला. आठी कशाची, मला कळेना. खरंच काही लागलं नाकाला, की मला बरं वाटावं म्हणून ही आता तोंडंही करायला शिकली? मी मुद्दाम विचारलं, "कॉफीचाच ना?"

"कॉफीबिफी मला नाही कळत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आत रबर जळतंय."