अक्कलदाढेच्या दिवशी भेटलेली आजी

गेल्या उन्हाळ्यात माझं देऊळगाव राजाच्या बालाजीशी भांडण झालं होतं. भांडण एकतर्फीच, कारण तो बोलत नाही आणि मी थांबत नव्हते. कारण सांगायला आजही लाज वाटते. उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी उगवली होती. चार महिन्यांत तीनदा गाल सुजला, तिसऱ्या वेळी तर तोंडात दोन बोटंही जाईनात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, लवंग धरली, डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. सूज उतरायची आणि महिन्याने पुन्हा यायची. देऊळगाव राजातल्याच दातांच्या डॉक्टरबाईंनी फोटो काढून सरळ सांगितलं, "दाढ काढावी लागेल. आता पू जबड्यात उतरला तर माझ्या हातात राहणार नाही, मोठ्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल." तरी मी मात्र देवाला एकच मागत होते: दाढ न काढता बरी कर. महिन्यातून एक शनिवार मी दुसरबीडहून एसटीने त्याच्या दर्शनाला जाते, उपवास धरते. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. एवढंसं मागणं त्याला जड का जावं, हे मला कळत नव्हतं.

माझी भीती आजची नव्हती. माझं माहेर मोताळ्याकडचं. मी सात-आठ वर्षांची असताना आठवडी बाजारात झाडाखाली बसणाऱ्या एका माणसाने माझा दात चिमट्याने उपटला होता. वडिलांनी माझं डोकं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण दुखण्यापेक्षा ते दाबून धरणंच अंगात राहून गेलं. पुढे दोन बाळंतपणं झाली, हात मोडला, तेव्हा मी इतकी भ्याले नाही. पण दवाखान्याची ती मागे कलणारी खुर्ची दिसली की धडकी भरे. पहिल्या वेळी डॉक्टरबाई सुई भरत होत्या तेवढ्यात "पाणी पिऊन येते" म्हणून मी उठले, बाहेर आले, चपला घातल्या आणि तडक बसस्थानक गाठलं. पर्स तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला जाऊन आणावी लागली.

या सगळ्यात अवघड गोष्ट अशी की मी अंगणवाडी सेविका आहे. लसीकरणाच्या दिवशी गावातली रडणारी लेकरं माझ्याच मांडीवर असतात. "काही नाही, मुंगी चावली," असं मी किती लेकरांना सांगितलं असेल याची गणती नाही. नवरा एरवी आमच्या पिठाच्या गिरणीतून मान वर काढत नाही, पण पर्स घेऊन आला त्या दिवशी तोही बोलून गेला, "शंभर लेकराईले तू सुया टोचतानी धरते, अन् तुलेच काऊन एवढं भेव?" त्याने चिडवण्यासाठी म्हटलं नव्हतं. मला मात्र ते लागलं. म्हणून पुढची तारीख घेतली तेव्हा मी त्याला सोबत येऊ नका असं सांगितलं. पळायचंच झालं तर कुणी पाहायला नको.

त्या दिवशी सकाळी अंगणवाडी उघडली, मदतनीस बाईंवर लेकरं सोपवली आणि तशीच गणवेशाच्या साडीत बस धरली. आधी मंदिरात गेले. नेमका नैवेद्याचा पडदा लागलेला. अर्धा तास थांबले. पडदा सरकेना, आणि दवाखान्याची वेळ झाली. दर्शनाशिवायच निघाले. पायऱ्या उतरताना मनात म्हटलं, तूही तोंड फिरवलंस ना? बरं. आज प्रामाणिकपणे लिहायचं तर त्या क्षणी माझ्या मनात भक्ती नव्हती. नुसता रुसवा होता.

दवाखान्यात बाकावर एकच म्हातारी बसली होती. सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. मी आत येताच ती अर्धवट उठली. माझी गणवेशाची साडी आणि हातातली फाईल पाहून तिला मी दवाखान्यातलीच वाटले असणार.

"तुमी इथल्याच ना बाई? मले हात धरून आत न्या. एकटीले भेव वाटून राह्यलं. माही लेक जालन्याहून येनार व्हती, तिची गाडी चुकली."

मी इथली नाही, असं सांगायला तोंड उघडलं, पण तिने तोवर माझा हात धरलाच होता. तिचा तळवा खरबरीत आणि थंडगार होता. मी तिच्याशेजारी बसले.

"दुखन का वो?" तिने विचारलं.

"मुंगी चावल्यासारखं होईल, आजी. मग काही नाही." सवयीने तोंडातून निघून गेलं.

"तुमची दाढ काढली का कधी?"

आता खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही आजी. माझी आजच काढायची आहे. मागच्या वेळी मी खुर्चीवरून पळून गेले होते."

वाटलं, ही आता हात सोडेल. पण ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पयाल्या? मंग तुमचाच हात बरा. जो भेतच नाही त्याले माह्यं भेव काय समजन?"

तिचा रक्तदाब वाढलेला असायचा, म्हणून डॉक्टरबाईंनी मला तिच्यासोबत आत येऊ दिलं. अशी मी त्या खोलीत गेले, ज्या खोलीतून पळाले होते, आणि या वेळी खुर्चीत दुसरं कुणी होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ते सगळं डोळे उघडे ठेवून पाहिलं. मी म्हटलं, "आजी, देवाचं नाव घ्या."

"घेतलं सकाळीच," ती खुर्चीत निजल्या निजल्या म्हणाली. "आता देवाचं काम देव करन, डाक्टरीनबाईचं काम त्या करतीन. माह्यं काम तोंड उघडं ठेवाचं, बस."

सुई टोचली तेव्हा तिने माझा हात करकचून दाबला. मग हळूहळू तिची बोटं सैल होत गेली. डॉक्टरबाई घाई करत नव्हत्या. प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करत होत्या. तिचं डोकं कुणीही दाबून धरलं नव्हतं. किडलेली दाढ ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला तेव्हा आजीने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, की झालं? एवढंच? मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं हसू.

मग माझी पाळी. आजीच्या तोंडात कापसाचा बोळा, अर्धा तास बोलायचं नाही असं बजावलेलं. तिने बाहेर बाकावर बसायचं होतं. ती गेली नाही. खुर्चीच्या एका बाजूला डॉक्टरबाई, दुसऱ्या बाजूला त्यांची मदतनीस. माझ्या हातापर्यंत पोहोचायला तिला जागाच नव्हती. तेव्हा ती पायाशी जाऊन उभी राहिली आणि तिने माझं उजवं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

मी दचकले. आईच्या वयाच्या बाईने आपल्या पायाला हात लावावा, हे आपल्यात कोण खपवून घेईल? मी पाय ओढून घेऊ लागले, पण तोवर माझी जीभ आणि ओठ बधिर झाले होते. मला "नको" म्हणता येईना, तिला बोलता येईना. तिने फक्त मान हलवली आणि पाऊल धरूनच ठेवलं. दाबलं नाही. नुसतं धरलं. कधी घोट्यावरून अंगठा फिरवायची. माझी आडवी दाढ दोन तुकडे करून काढावी लागली. यंत्राचा आवाज झाला, जबड्यावर जोर आला, सगळं झालं. पण माझं लक्ष राहून राहून त्या पायाकडे जात होतं. ज्याच्या पायांवर डोकं ठेवायला मी सकाळी गेले होते त्याचं दर्शन झालं नाही, आणि इथे माझाच पाय कुणी अनोळखी म्हातारी धरून उभी आहे, हा विचार आला आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहू लागलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखतंय का?" मी मान हलवून नाही म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. मला आठवतं, त्याच क्षणी माझा ताठलेला जबडा आपोआप सुटला, आणि त्या म्हणाल्या, "हां, अस्संच राहा."

टाके घालून मी बाहेर आले तेव्हा आजीची लेक धापा टाकत पोहोचली होती. आम्हा दोघींच्याही तोंडात बोळे. आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि लेकीबरोबर निघून गेली. नाव विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी नवऱ्याने स्वतः मऊ भात केला, थंड करून वाढला. बधिर ओठांतून अर्धा भात साडीवर सांडत होता आणि आम्ही दोघं हसत होतो.

हा चमत्कार होता का, मला सांगता येत नाही. दाढ माझ्या मागण्यासारखी बरी झाली नाही, काढावीच लागली. भीतीही माझी गेली असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं मी शरण जाण्याचा अर्थ चुकीचा धरून बसले होते. मला वाटायचं, देवावर सोपवलं की भीती वाटता कामा नये. आता वाटतं, भ्यायलेल्या माणसानेही आपलं काम तेवढं करावं आणि बाकीचं ज्याचं त्याला करू द्यावं.

आठ दिवसांनी टाके काढायला गेले. डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, "परवा तुमच्या आजी कवळीचं माप द्यायला आल्या होत्या. आल्या आल्या विचारलं, ते पयनारी बाई बरी हाय ना?"

मला इतकं हसू आलं की टाके ओढले गेले. बसमध्ये खिडकीशी बसून घरी येताना तेच मनात घोळत होतं. जिला माझं नावगाव ठाऊक नाही, तिने माझी चौकशी केली. तो बालाजीही आपली चौकशी अशीच, आपल्या माघारी करत असेल. आणि आपण मात्र समजतो, त्याने तोंड फिरवलं.