हुकूम कुणी दिला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि ती आता नाही. कितीदा ठरवलं, कितीदा विषय बदलला. आता वय असं झालंय की टाळायला पुढचं वर्ष मिळेलच, याचा भरवसा नाही.

माझे वडील इंग्रजांच्या सैन्यात कर्नल होते. इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुराला मुलाकडे आल्यावर ॲन्झॅक डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, त्यांची पदकं मी छातीवर उजवीकडे लावू लागलो — वारसांनी तशीच लावायची असतात. मराठी मंडळाने बोलायला सांगितलं. बोललो. स्वातंत्र्य चळवळीतल्या एका मोर्चावर गोळीबार करायला वडिलांनी नकार दिला, म्हणून त्यांची बढती अडली — असं गाव-सालासकट म्हणालो. टाळ्या पडल्या.

खरं काय? हुकूम त्यांनीच दिला होता. बढती मिळाली ती त्यानंतर. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं, मान खाली घालून. मग मी का बदललं? परक्या देशात, आपल्या माणसांसमोर, मला कुणाचा मुलगा म्हणून उभं राहायचं होतं?

कार्यक्रमानंतर सदाशिव वाघमारे जवळ आले. माझ्याच वयाचे, लेकीकडे राहणारे. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "साहेब, त्याच मोर्चात माझा थोरला भाऊ गेला. एक तरी अधिकारी नाही म्हणाला होता — हे ऐकायलाच एवढा जगलो बघा."

तेव्हाच बोलायचं होतं. मी नुसता त्यांचा हात दाबला.

पुढे दर वर्षी तेच. लोक फर्माईश करत. नातू म्हणे, "आजोबा, ती नो म्हणाल्याची स्टोरी!" सुटायला वाट कुठे होती? — होती. रोज होती. वाघमाऱ्यांच्या नातीला इथल्या सैन्यात जायचं होतं. घरात गणवेश येऊ देणार नाही म्हणणाऱ्या तिच्या आजोबांनी माझ्या गोष्टीवर विसंबून तिला होकार दिला.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी गेलो — सांगायचंच म्हणून.

"या, कर्नलसाहेबांचे चिरंजीव! चहा टाका गं, नाहीतर कोर्टमार्शल करतील," ते पडल्यापडल्या हसले. नात शेजारी बसली होती, गणवेशात. "हिला एकदा तुमच्या तोंडून ऐकवा."

मी ऐकवलं. सगळं. आवाज जिथे चढवायचा तिथे चढवलासुद्धा.

त्याच आठवड्यात ते गेले.

त्या दिवशी घरून निघताना एक वाक्य पाठ केलं होतं — वाघमारे, तुमच्या भावाच्या मोर्चावर गोळ्या झाडायचा हुकूम माझ्या वडिलांनीच दिला, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो, मला माफ करा. ते तसंच घेऊन परत आलो.