कड्याला नेलेला तिसरा पाना

आधी जे घडलं ते क्रमाने.

१. आमच्या कंपनीचं दूध काढायचं मशीन बीड जिल्ह्यात, कड्याजवळच्या एका वस्तीवर पोचलं.
२. चौथ्या दिवशी फोन आला: पाना आला नाही.
३. मी १६-१७ नंबरचा पाना कुरिअरने पाठवला.
४. फोन आला: पाना अजून आला नाही.
५. मी दुसरा पाना पाठवला. या वेळी पोचपावती मागितली.
६. सही केलेली पोचपावती आली. पाठोपाठ फोन आला: पाना आला नाही.
७. मी तिसरा पाना बॅगेत घालून पुण्याहून स्वतः निघाले.
८. तिथे कुणालाही पाना नको होता.

माझं काम पुण्यात बसून मशीनची चाचणी घेणं आणि सोबतची माहिती पुस्तिका लिहिणं हे आहे. ग्राहकाकडे जाणं त्यात येत नाही. पण तिसऱ्या फोनवर मंगलकाकू, म्हणजे मशीन घेणाऱ्या बाई, जे बोलल्या ते मला ऑफिसच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात भरता येईना.

"मॅडम, माझ्या दोनी मनगटाच्या शिरा दबल्यात. डाक्टरनं धार काढायची बंद केली. म्हणून तर मशीन घेतलं. तीन दिसांनी कड्याचा बाजार हाय. तवर पाना न्हाई आला तर ह्ये दोनी म्हशी इकायला नेनार."

"ह्ये" म्हणजे त्यांचे यजमान, अंकुशतात्या. मी म्हटलं, पाना घेऊन मी उद्या येते.

वाकडेवाडी स्थानकावरून सकाळी सहाच्या एसटीने नगर आणि तिथे गाडी बदलून कडा, असा सरळ मार्ग आहे. बायकांना अर्धं तिकीट. नगरच्या स्थानकावर चहा आणि वडापाव खाऊन घ्यावा, पुढे गाडी थांबेलच असं नाही. खिडकीची जागा डावीकडची धरा, नाहीतर ऊन कड्यापर्यंत सोबत येतं. रस्ता बहुतेक चांगला आहे. जिथे नाही तिथे माझी हत्यारांची बॅग वाजत होती. शेजारच्या आजोबांनी ती पायाने चाचपून पाहिली.

"पोरी, गॅरेज हाय का तुझं?"

"नाही. म्हशीसाठी पाना नेतेय."

आजोबांनी माझ्याकडे जरा जास्तच आदराने पाहिलं. "तू घेऊन चालली? मंग मोठी डाक्टर हाईस." आणि ते झोपले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कड्याच्या स्थानकावर अंकुशतात्या मोटरसायकल घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना दुधाच्या रिकाम्या किटल्या लटकवलेल्या होत्या. मी मागे बसले आणि बारा किलोमीटर दोन्ही गुडघे कुठे ठेवायचे याचा विचार केला. वाटेत तात्यांनी तीन प्रश्न विचारले: गाव कोणतं, पगार किती, लगीन झालं का. पहिल्याचं उत्तर दिलं. उरलेल्या दोन्हींच्या वेळी मी पंपाची अश्वशक्ती सांगितली.

गोठा नीट होता. पत्र्याखाली मोकळी हवा, जमिनीवर रबरी मॅट, पाण्याचा हौद म्हशींना हवा तेव्हा तोंड घालता येईल असा, कोपऱ्यात कडबाकुट्टी. पशुवैद्यकाने सांगितलेलं सगळं काकूंनी केलं होतं. लसींच्या तारखा खडूने भिंतीवर होत्या. म्हशी दोन. थोरलीचं नाव मास्तरीण, कारण ती माणसाकडे वही तपासल्यासारखी बघते. धाकटी तिचीच लेक. आई करते तेच ती करते.

मी संध्याकाळी मशीन तपासलं. दाब बरोबर. मिनिटाला साठ ठोके बरोबर. रबर, नळ्या, झाकण, सगळं बरोबर. नट सगळे आवळलेले होते, तेही उत्तम. कप मास्तरणीच्या सडांना लावले. पंप घुमला. पारदर्शक नळीतून दुधाचा एक थेंब आला नाही. मास्तरणीने मान वळवून माझी वही तपासली.

"बघा," काकू म्हणाल्या. "पाना न्हाई. तुमी आणलाय ना?"

मी बॅग उघडून पाना त्यांच्या हातात दिला.

काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. मग तात्यांकडे पाहिलं. तात्या मोटरसायकलकडे गेले, डिकी उघडली आणि अगदी तसेच दोन पाने घेऊन आले.

"हे काय ओ?" काकूंनी विचारलं.

"कंपनीनं पाठवले. कड्याच्या दुकानात पारसल यायचं. मी म्हणलं लई दिलदार कंपनी हाय, दर हप्त्याला एक पाना देती. तिसरा कवा येतो म्हणून बघत व्हतो."

"अन् मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला काय करायचाय पाना?"

"मला काय करायचाय? पंधरा दिवस झाले, मी फोनवर पाना पाना करती, अन् तुमी डिकीत दोन घालून फिरता?" इथे काकूंना हसू आवरेना. त्यांनी दोन्ही हात पदरात घेतले, कारण हसताना मनगटं दुखत होती.

हसून झाल्यावर त्यांनी मला म्हशीजवळ नेलं आणि माझा हात कासेवर ठेवला. "हे बघा. आता सड कसे मऊ हाईत. म्हशीनं दूध खाली सोडलं की ताठ हुतेत. त्याला पाना म्हणत्यात. तुमी पाना घेऊन येते म्हणला, मला वाटलं कायतरी युक्ती आणताय. तो आला न्हाई तर मशीन काय, मंत्री आला तरी दूध न्हाई."

पान्हा. गेल्या पंधरा दिवसांत काकूंचं "आमी" मी आम्ही असं ऐकलं होतं आणि "तुमी" तुम्ही असं. दोन्हीकडचा ह मी न चुकता परत घातला होता. फक्त या एका शब्दात घातला नाही. कारण माझ्या टेबलावर पाना होता, पान्हा नव्हता.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमटी तिखट आहे हे मी सांगितलं नाही, डोळ्यांनी सांगितलं. तात्या म्हणाले की सगळे म्हणतात इंजेक्शन टोचा, पाना लगेच येतो.

"माझ्या गोठ्यात सुई न्हाई," काकू म्हणाल्या.

मीही नाही म्हटलं. रोज असं औषध टोचून दूध उतरवणं हा उपाय नाही, आणि परवानगीही नाही. पण दूध कासेत राहू देणंही चालणार नव्हतं. कासदाह झाला तर सड जायचा. पंधरा दिवस काकू दुखऱ्या हातांनीच जमेल तेवढी धार काढत होत्या.

"म्हणून म्हणतो इकू," तात्या ताटाकडे बघत म्हणाले. "मला ती मास्तरीण जवळ येऊ देत न्हाई. अन् हिला सकाळी कपबशी धरता येत न्हाई. मला काय म्हशीचा राग हाय का?"

बाजार परवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंना सांगितलं की मशीन विसरा, नेहमीसारखं करा. मी गव्हाणीमागे घड्याळ घेऊन उभी राहिले. काकूंनी कोमट पाण्याने कास धुतली, पुसली, पेंड ठेवली, बसल्या. दोन मिनिटं गेली. पान्हा नाही. काकू माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. चार मिनिटं झाली.

"नेहमी असंच करता?"

"असंच की."

"एकट्या असताना?"

काकू जरा चुळबुळल्या. "एकटी असले की बोलते तिच्याशी."

"काय बोलता?"

"काय बाई. घरातलं."

मी गोठ्याबाहेर गेले आणि पत्र्याला कान लावला. असं करणं मला आवडत नाही, पण चाचणीच होती. आतून आवाज आला.

"ऐकलं का मास्तरणी, ह्ये मिठाला गेलते बाजारात. आले झाडू घेऊन. घरात तीन झाडू हाईत. मीठ कुठंय म्हणलं, तर म्हणले दुकान बंद व्हतं. झाडूचं बरं उघडं व्हतं? भाचीच्या लग्नात गेलते तर दुसऱ्याची चप्पल घालून आले, तीबी दोन डाव्या पायाच्या..."

एक मिनिट पन्नास सेकंद. बादलीत धार वाजली.

चूक आता स्पष्ट होती आणि ती दुहेरी होती. एक, पंपाच्या आवाजात काकूंचा आवाज म्हशीला ऐकू जात नव्हता. दोन, मशीन आल्यापासून गोठ्यात कुणी ना कुणी पाहुणं असायचं: बसवायला आलेला माणूस, बघायला आलेले शेजारी, आता मी. आणि पाहुण्यांसमोर नवऱ्याचं काढायचं नाही, हा काकूंचा नियम. मास्तरणीला दूध सोडायला तात्यांची निंदा लागत होती, आणि आम्ही तिला सभ्यतेवर ठेवलं होतं.

पहिलं काम सोपं. तात्यांना घेऊन कड्याला गेले, जाड नळीचे तुकडे आणि जोड आणले, पंप भिंतीपलीकडे कडब्याच्या गंजीजवळ नेला. बसवताना १६-१७ नंबरचा पाना लागला. तिन्ही हजर होते.

दुसरं अवघड. मी तात्यांना अंगणात बसवून वस्तुस्थिती सांगितली. शक्य तितक्या तांत्रिक भाषेत.

"म्हणजे," तात्या म्हणाले, "मला शिव्या दिल्या की दूध येतं?"

"तक्रारी. शिव्या मला ऐकू आल्या नाहीत."

तात्यांनी दोन-तीनदा टोपी काढली आणि घातली. मग गोठ्याच्या दाराशी गेले. "बोल गं. पावण्यासमोर बोल. आख्ख्या कड्याला ठाऊक हाय, म्हशीचं काय घेऊन बसली."

संध्याकाळी मी कप हातात धरून तयार राहिले. पंप भिंतीपलीकडे होता. इकडे फक्त बारीक गुणगुण. काकूंनी कास धुतली, पदर सावरला आणि सुरुवात केली. झाडू, चप्पल, मग एक नवीन: गेल्या वर्षी तात्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून पोह्यांऐवजी चुरमुरे भिजवले होते.

"आगं पोहे व्हते ते, जुने व्हते," दारातून तात्या.

मास्तरणीचा कान मागे गेला. सड मऊ पडले.

"तात्या," मी म्हटलं, "कृपया मान्य करा."

"चुरमुरे व्हते," तात्या म्हणाले.

सड ताठ झाले. मी कप लावले. पारदर्शक नळी पांढरी झाली आणि पांढरीच राहिली. पाच मिनिटं वीस सेकंद. मग लेकीला लावलं. आईने केलं तेच तिने केलं. काकू बोलता बोलता थांबल्या होत्या, तरी दूध येतच होतं. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. इतकी वर्षं या वेळेला त्या हातांना काम असायचं. ते कुठे ठेवायचे हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी एक हात मास्तरणीच्या पाठीवर ठेवला.

तात्यांनी विचारलं की हे मोबाइलमध्ये भरून ठेवता येईल का, म्हणजे काकू माहेरी गेल्या तरी अडायला नको. मी भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लावून पाहिलं. मास्तरणीने फोन हुंगला. पान्हा सोडला नाही. काकूंचं म्हणणं असं की तिने हे कालच ऐकलं होतं.

त्याच दिवशी बाजार. तात्या मला सोडायला आले, मोटरसायकलवर, किटल्या भरलेल्या. बाजाराच्या तोंडाशी एका व्यापाऱ्याने हाक मारली.

"काय तात्या, म्हशी आणनार व्हते ना?"

"न्हाई आणल्या."

"कावून?"

"त्यांना माझं आजून लई ऐकायचंय," तात्या म्हणाले, आणि दूध घालायला निघाले.

पुण्यात परतल्यावर मी माझी पुस्तिका काढून बसले. बत्तीस पानं. दाबाच्या तीन आकृत्या. पान चौदावर एक वाक्य: "जनावर तयार असल्याची खात्री करून कप लावावेत." तयार म्हणजे काय, ते कसं ओळखायचं, पंप कुठे ठेवायचा, रोजच्या माणसाचा आवाज का लागतो, यातलं काही नाही. पान्हा हा शब्द बत्तीस पानांत एकदाही नाही. पाना अकरा वेळा आहे. गोंधळ ह गाळल्यामुळे झाला असं मी ऑफिसात सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नाही. काकू बरोबर तक्रार करत होत्या. त्या तक्रारीला मी जागाच ठेवली नव्हती.

काल काकूंचा फोन आला होता. कपबशी धरता येतेय. तात्या दोन पाने ठेवून घेतायत, तिसरा पाठवू का म्हणून विचारत होते. मी म्हटलं राहू द्या.

पान चौदा मी नव्याने लिहितेय. पुस्तिका बीडलाच नाही, राज्यभर जाते, आणि मला परत तीच चूक करायची नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी गोठा आहे किंवा होता, त्यांना विनंती: म्हैस दूध खाली सोडते त्याला तुमच्याकडे काय म्हणतात, आणि नट आवळायच्या हत्याराला काय म्हणतात, हे दोन्ही शब्द तालुक्याच्या नावासह खाली लिहा. बोलता तसेच लिहा, शुद्ध करू नका. पुस्तिका सोमवारी छपाईला जाते. उत्तर शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत हवं.