मायनं तळ्यात सोडलेलं शेवाळ

एका बाटलीत किती जीव मावतो, हे मला कोणी विचारलं तर मी अजूनही आधी हात जोडते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी आदिलाबादला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. आमच्या सरांना एकच वेड. बाटल्यांतलं सगळ्यात दांडगं शेवाळ निवडायचं, वाढवायचं, त्यातलं पुन्हा दांडगं निवडायचं. कित्येक वर्षं हेच. शेणात कालवलं की गॅस जास्त निघतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्याकडे गोबरगॅस आहे, द्या एक बाटली. दिली, पण बजावलं, "सिमेंटच्या हौदाबाहेर जाऊ देऊ नकोस."

भीमपूरकडच्या आमच्या गावात आणून मी ती हौदात ओतली. आठच दिवसांत पाणी असं हिरवंगार झालं की हात बुडवला तर बोटं दिसेनात! दुपारच्या उन्हात त्यातून बारीक बुडबुडे यायचे. मी कामधाम सोडून बघत बसायची. ते पाणी आम्ही रोज शेणात कालवून गोबरगॅसच्या खड्ड्यात सोडायचो. शेगडीची ज्योत वाढली तशी माय हरखली. "अव माय! पाण्याचा जाळ झाला व हा!" म्हणत शेजारणींना हाताला धरून आणायची.

उन्हाळ्यात परीक्षेला निघताना, मागे त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही म्हणून, मी तिला सांगितलं, हौद रिकामा कर, शेवाळ उकिरड्यावर ओत. उकिरड्यावरच का, ते सांगितलं नाही. चार बुकं शिकले होते ना, समजावून सांगायला कमीपणा वाटायचा.

माय ज्यावर घर जेवलं ते उकिरड्यावर टाकणाऱ्यांतली नव्हती. पूजेची फुलं असोत की देवाची फुटकी तसबीर, आमच्याकडे तळ्यातच सोडतात. तिनं हौदाला हळद-कुंकू वाहिलं, बादल्या भरून तळ्यात सोडल्या आणि नमस्कार करून आली.

त्या तळ्यात भोईमामांची मासळी होती. मामा म्हणजे मायचा मानलेला भाऊ. भाऊबीजेला पहिली ओवाळणी त्यांची. त्यांना शेत नव्हतं. पिल्लं सोडायची, वर्षभर राखायची, त्या मासळीवर घर चालायचं.

परीक्षा आटोपून मी पहाटेच्या गाडीनं गावात उतरले तर अख्खं गाव तळ्यावर. तळं काठोकाठ हिरवं, वर जाड साय धरलेली. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. डोळ्यांनाही न दिसणारं एवढंसं ते, आणि केवढं तळं गिळून बसलं! मग सायीतून वर आलेली माशांची तोंडं दिसली. शेकडो तोंडं, उघडझाप करणारी. दिवसा हे शेवाळ पाण्यात हवा सोडतं, पण रात्रभर तेच ती ओढतं. पहाटेपर्यंत माशांना काही उरलं नव्हतं. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून उलटे झालेले मासे धोतराच्या ओच्यात गोळा करत होते.

घरी येऊन मी मायवर ओरडले. "काऊन सोडलं तळ्यात? उकिरडा सांगितला होता ना?"

"ज्यानं आपली भाकर भाजली त्याले उकिरडा दाखवू काय?" ती म्हणाली. "अन् मासोळीले वंगाळ हाय, हे तुनं सांगतलं काय मले?"



सरांना जाऊन भेटले तेव्हा ते म्हणाले, सगळा दोष शेवाळाचा नाही. वर्षानुवर्षं गुरांचं शेण, कपाशीतला युरिया त्याच तळ्यात उतरतो. पंगत मांडलेलीच होती, आपण पाहुणा धाडला. पण हे नंतरचं. त्या दिवशी माय पदर खोचून सरळ मामांपुढे गेली. "भाऊ, ते म्या सोडलं."

मामांनी हातातला मासा ओच्यात टाकत वर पाहिलं. "बाई, तुह्या जागी दुसरं कोनी असतं तं..." एवढंच बोलले आणि पुन्हा पाण्यात वाकले.

जुनी लुगडी लावून गावानं दोन दिवस शेवाळ ओढून काढलं. ते आणि सडलेले मासे टाकायचे कुठे? सगळं आमच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात गेलं. काही दिवसांनी शेगडी अशी पेटली की बाई गं! निळी, सरळ, फुरफुरणारी ज्योत. जे मेलं ते सगळं जाळ होऊन आलं होतं. 

मायनं तवा ठेवला, भाकर थापली आणि एकदम चावी बंद केली. अंगणात जाऊन कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडून चूल पेटवली.

"काऊन व माय?"

"तो जाळ भावाच्या घरचा हाय. त्याची चूल थंडी असताना माह्यानं त्याच्यावर भाकर नाही भाजवत."

पहिल्या भाकरी फडक्यात बांधून ती मामांच्या घराकडे निघाली. मीही मागोमाग निघाले. तिनं आपलं कबूल केलं होतं, माझं अजून बाकी होतं.