दारू सोडलेले जिवाणू

जबलपूर स्टेशनवर पुण्याची गाडी हलली, तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून थोडं सोबत चालले आणि म्हणाले, "पोरी, काहीही कर, पण भट्टीचं काम नको करू." समोरच्या बाकावरच्या बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या.

आदल्या संध्याकाळी जबलपुरातल्या आमच्या घमापूरच्या घरी मी त्यांना नवी नोकरी समजावली होती. उसाच्या चोथ्यातून साखर काढायची, मोठ्या टाकीत ती जिवाणूंना खाऊ घालायची, आणि ते जे रसायन बनवतात त्याचा पुढे धागा होतो, प्लास्टिक होतं. बाबांच्या डोक्यात एवढंच राहिलं, की साखर आंबवायची. फॅक्टरीतली नोकरी आणि रोजची बुद्धवंदना यांत त्यांचं आयुष्य गेलं, पण सख्ख्या धाकट्या भावाला ते दारूपासून वाचवू शकले नाहीत. काका गेल्यापासून पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला त्यांचा आवाज चढायचा.

पुण्यात माझ्या मराठीला लोक हिंदी म्हणत. हळूहळू माझं 'काहून' सुटलं, 'करून राहिले' सुटलं. ती भाषा रविवारच्या फोनपुरती उरली. बाबा विचारायचे, "काय करून राहिली?" आणि जरा थांबून, "त्यातून दारू नाही नं निघत?"

एकदा मी सगळं नीट सांगितलं. हवा कमी पडली की हे जिवाणू थोड्या साखरेचं अल्कोहोल करतातच. आम्हाला ते परवडत नाही, साखर वाया जाते. म्हणून अल्कोहोलकडे नेणारा जीनच आम्ही त्यांच्यातून काढून टाकलाय.

बाबांनी 'काढून टाकलाय' पुन्हा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तू त्यांची सोडवली." आणि हसले. काका गेल्यानंतर ते तसं हसल्याचं मला आठवत नाही.

यंदा बाबा गेले. आई आधीच गेली होती. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं. भिक्खूंच्या मागून आम्ही शीलं म्हटली. पाचव्या शीलाला कुणाचाच आवाज चढला नाही. जेवणं झाल्यावर शेजारच्या चाचींनी मला मोरीपाशी बाजूला घेतलं.

"बेटा, तुम्हारे पापा बताते थे, तुम दारू छुड़वाती हो. हमारे राजू के लिए भी कुछ दे दो."

बाबांनी गल्लीभर सांगितलं होतं. सांगता सांगता जिवाणू कुठेतरी गळून गेले होते.

मी सोडवते ती जिवाणूंची, माणसांसाठी तसं औषध माझ्याकडे नाही, हे मी त्यांना सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या. मला आत जाववेना. मी त्यांच्या मुलाचं, राजूचं विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. राजू वाटभर माझ्याशी बोलला नाही, पण आला.

आता आमच्या घराला कुलूप आहे, किल्ली चाचींकडे. तुमच्यातल्या ज्यांनी असं कुलूप लावलंय, त्यांना ठाऊक असेल, रविवार कसा अंगावर येतो. मी चाचींना फोन लावते. राजूचं कधी बरं चाललेलं असतं, कधी नसतं. ते सांगून झालं की त्या माझ्या कामाची चौकशी करतात.

"और तुम्हारे वाले? पी तो नहीं रहे?"

"नहीं, चाची," मी म्हणते. हे विचारणारं माणूस त्या गल्लीत आहे, तोवर माझं घर तिथेच आहे.